बबलगमच्या पाकिटातलं शीतयुद्ध

१९५१ साली अमेरिकेतल्या मुलांना बबलगमसोबत एक नवा चित्रसंच मिळायला लागला. बाउमन ही कंपनी एरवी बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढायची. मुलं ती जमवायची, एकमेकांत बदलायची. या नव्या संचात ४८ कार्डं होती आणि त्याचं नाव होतं 'साम्यवादाविरुद्ध मुलांचं धर्मयुद्ध'. कार्डाच्या एका बाजूला भडक रंगातलं चित्र: युद्धखोर माओ, सक्तमजुरीला जुंपलेले कैदी, अणुहल्ल्यानंतर ओस पडलेलं शहर. मागच्या बाजूला चार सोपी वाक्यं आणि तळाशी आवाहन: 'लाल संकटाशी लढा'.

सात-आठ वर्षांच्या मुलाला मार्क्स कोण, उत्पादनाची साधनं कुणाच्या हाती असावीत, यातलं काही कळणं शक्य नव्हतं. ते कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. त्याच्या मनात एवढंच उतरत होतं की जगात एक लाल संकट आहे, ते कधीही आपल्या दारात येऊ शकतं आणि त्याच्याशी आपण लढायचं आहे. साम्यवाद म्हणजे काय हे समजण्याआधीच त्याची भीती आणि किळस मनात बसवणं, हे त्या काळातल्या प्रचाराचं मुख्य काम होतं. भाषणं आणि पोस्टरं होतीच. पण खरं काम शाळेत, दुकानात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या बाकावर आणि घरच्या कॉफीच्या टेबलावर चालायचं. म्हणून हा लेख पुढाऱ्यांबद्दल कमी आणि या जागांबद्दल जास्त आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. प्रचार म्हणजे खोटं बोलणं, असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतला साम्यवादविरोधी प्रचार समजून घेताना ती समजूत आडवी येते, कारण त्यातलं पुष्कळसं खरं होतं. स्टालिनच्या राज्यात लाखो माणसं श्रमछावण्यांत डांबली गेली होती. पूर्व युरोपातल्या देशांवर मॉस्कोने आपली माणसं बसवली होती. ऑगस्ट १९४९मध्ये सोव्हिएत युनियनने अणुबॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली, पुढच्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पुरवणारा क्लाउस फुक्स १९५०च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये पकडला गेला, आणि त्याचा कबुलीजबाब खराच होता. या साऱ्यामुळे सामान्य अमेरिकन माणूस धास्तावला असेल तर त्याला वेडा ठरवता येत नाही. पोलंड किंवा हंगेरीतून जीव मुठीत धरून आलेल्या निर्वासितांना तर कुणी काही शिकवायची गरजच नव्हती. अमेरिकेतले कित्येक समाजवादी आणि कामगार पुढारीसुद्धा कम्युनिस्ट पक्षाच्या कट्टर विरोधात होते आणि त्यांची कारणं अनुभवातून आलेली होती.

मग प्रचार कुठे सुरू होतो? दूरच्या एका खऱ्या धोक्याचा धाक दाखवून जवळच्या, वेगळ्याच माणसाचं तोंड बंद केलं जातं, तिथे. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाची सभासदसंख्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या दिवसांतही ८० हजारांच्या आसपासच होती आणि १९५७च्या सुमारास ती दहा हजारांच्याही खाली गेली. १९५० साली देशाची लोकसंख्या होती १५ कोटी. एवढ्या लहान पक्षासाठी एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्या तडाख्यात सापडलेल्यांपैकी बहुतेकांचा पक्षाशी काडीचाही संबंध नव्हता.

एका दिवसाचं कम्युनिस्ट राज्य

विस्कॉन्सिन राज्यातलं मोझिनी हे कागद गिरणीचं गाव. वस्ती जेमतेम दीड हजार. १ मे १९५०च्या सकाळी तिथे 'कम्युनिस्टांनी' सत्ता ताब्यात घेतली. हे नाटक 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेने रचलं होतं आणि त्यासाठी पूर्वी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या दोघांचा सल्ला घेतला होता. महापौरांना पायजम्यातच घराबाहेर ओढून आणलं गेलं. पोलीसप्रमुखांना 'ठार' केल्याचं जाहीर झालं. रस्त्यांवर नाकाबंदी झाली, पाद्र्यांना काटेरी तारेच्या कुंपणात कोंडलं गेलं, वाचनालयातली पुस्तकं काढून नेली गेली. गावचं वर्तमानपत्र त्या दिवशी गुलाबी कागदावर, 'रेड स्टार' या नावाने निघालं. खाणावळींत नेहमीचे पदार्थ बंद होते आणि लोकांना बटाट्याचं सूप आणि काळा पाव मिळत होता. देशभरातले पत्रकार आणि न्यूजरीलवाले हे सगळं टिपायला हजर होते. संध्याकाळी सभा झाली, लाल साहित्याची होळी झाली, देशभक्तिपर गाणी झाली आणि लोकशाही 'परत आली'.

त्याच संध्याकाळी महापौर राल्फ क्रोननवेटर कोसळले आणि पाच-सहा दिवसांत वारले.

मोझिनीचा हा दिवस मला फार बोलका वाटतो. त्या दिवशी गावाला साम्यवादाबद्दल काय शिकायला मिळालं? साम्यवाद म्हणजे जेवणाची आबाळ, चर्चला टाळं आणि पहाटे दारावर थाप. यातला एकही तपशील निव्वळ कल्पनेतून आलेला नव्हता, सोव्हिएत रशियात हे सारं घडलं होतं. पण गावातल्या कागद गिरणीत पगार किती असावा, आजारी पडलं तर खर्च कुणी करायचा, संप करायचा हक्क असावा की नसावा, हे प्रश्न त्या चित्रात कुठेच नव्हते. आणि पुढे असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे बघताना काळा पाव आणि काटेरी तार आपोआप आठवावी, एवढी तजवीज मात्र झाली होती.

आणखी एक बाब. या नाटकाचा पुढाकार सरकारचा नव्हता. अमेरिकेतला हा प्रचार बव्हंशी खाजगी संस्थांनी चालवला: माजी सैनिकांच्या संघटना, व्यापारी मंडळं, चर्च, जाहिरात कंपन्या, वृत्तपत्रं. मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या एका कॅथलिक प्रकाशनसंस्थेने १९४७ साली, अमेरिकेवर कम्युनिस्टांचा ताबा आला तर काय होईल, हे दाखवणारं कॉमिक काढलं आणि ते लाखोंच्या संख्येने वाटलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाहून 'फ्रीडम ट्रेन' निघाली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना वगैरेंशी निगडित मूळ दस्तऐवज घेऊन ती देशभर तीनशेहून जास्त शहरांत फिरली आणि लाखो लोक रांगा लावून ती बघून गेले. या उपक्रमाची एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. मेम्फिस आणि बर्मिंगहॅम या शहरांनी गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगवेगळं आत सोडण्याचा हट्ट धरला, तेव्हा आयोजकांनी तिथले मुक्कामच रद्द केले. स्वातंत्र्याची जाहिरात करता करता कधीकधी स्वातंत्र्याची आठवणही ठेवावी लागत होती.

सरकार आणि खाजगी संस्था यांच्यामधली रेघ मात्र दिसते तितकी ठळक नव्हती. १९५०मध्ये 'क्रुसेड फॉर फ्रीडम' ही मोहीम सुरू झाली. एक मोठी 'स्वातंत्र्याची घंटा' गावोगाव फिरवली गेली आणि मग बर्लिनमध्ये बसवली गेली. लोकांनी स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, शाळकरी मुलांनीही वर्गणी दिली. पूर्व युरोपात बातम्या पोहोचवणारं 'रेडिओ फ्री युरोप' आपल्या पैशांवर चालतं, अशी या लोकांची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात त्या रेडिओचा बहुतेक खर्च सीआयए करत होती, आणि वर्गणीची मोहीम हे त्यावरचं पांघरूण होतं. सिनेटर क्लिफर्ड केस यांनी १९७१ साली हे जाहीरपणे मांडलं. मला यातली सर्वांत दुखरी बाजू वाटते ती वर्गणी देणाऱ्यांची. त्यांची भावना खरी होती आणि नेमकी तीच वापरली गेली.

निष्ठा सिद्ध करा

१२ मार्च १९४७ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी साम्यवादाचा प्रसार जगभर रोखण्याचं धोरण मांडलं. त्यानंतर नऊच दिवसांनी त्यांनी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. त्याचं लोण बघता बघता राज्यांत, शहरांत, विद्यापीठांत पोहोचलं. कॅलिफोर्निया विद्यापीठात आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून १९५०मध्ये ३१ प्राध्यापकांना काढून टाकलं. ते कम्युनिस्ट असल्याचा आरोप कुणीच केला नव्हता. त्यांचा आक्षेप शपथेच्या सक्तीला होता. इंडियाना राज्यात व्यावसायिक कुस्तीगिरांनाही निष्ठेची शपथ घ्यावी लागली. न्यूयॉर्कच्या जलाशयांत मासे धरायचा परवाना हवा असेल, तरीही शपथ आलीच.

कुस्तीगीर आणि मासे धरणारे यांच्याकडून देशाला काय धोका होता, असं विचारता येईल. पण शपथेचा उपयोग धोका शोधण्यासाठी नव्हताच. खरा हेर पहिल्याच फटक्यात सही करून मोकळा होईल. शपथेमुळे घडत होतं ते वेगळंच: प्रत्येक नागरिक निर्दोष आहे असं गृहीत धरण्याऐवजी, प्रत्येकाने आपलं निर्दोषत्व अधूनमधून लिहून द्यायचं, ही सवय लागत होती.

डोरोथी बेली यांची चौकशी या सगळ्याचा गाभा दाखवते. त्या वॉशिंग्टनमध्ये सरकारच्या रोजगार सेवा विभागात प्रशिक्षण अधिकारी होत्या आणि कर्मचारी संघटनेत सक्रिय होत्या. त्या कम्युनिस्ट असल्याची माहिती एफबीआयला निनावी खबऱ्यांकडून मिळाली होती. बेलींनी आरोप नाकारला, आपल्या बाजूने सत्तरेक प्रतिज्ञापत्रं सादर केली. त्यांच्याविरुद्ध एकही साक्षीदार समोर आला नाही. हे आरोप कुणी केले, ते कुणाला माहीत आहे का? निष्ठा तपासणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं की खबरे कोण आहेत याची त्यांनाही काही कल्पना नाही. आणि याच चौकशीत बेलींना एक प्रश्न विचारला गेला: रक्ताच्या विभागणीबद्दल तुम्ही रेड क्रॉसला कधी पत्र लिहिलं होतं का?

हा प्रश्न थांबून समजून घ्यावा लागतो. त्या काळात रेड क्रॉस काळ्या दात्यांचं रक्त वेगळं ठेवत असे. त्याला वैद्यकीय आधार काहीच नव्हता आणि अनेक सुजाण लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता, त्यात कम्युनिस्टही होते. आता चौकशी मंडळाचा तर्क बघा: कम्युनिस्ट वंशभेदाला विरोध करतात, तुम्हीही केला असेल, तर तुम्ही कोण? बेलींची नोकरी गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१मध्ये तिथे चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि बरोबरीमुळे खालचा निकाल, म्हणजे बडतर्फीच, कायम राहिली.

या एका प्रश्नाचा परिणाम बेलींपुरता राहिला असेल का? दुसऱ्या कुठल्याशा कचेरीत एखादा कारकून रेड क्रॉसला पत्र लिहायला बसला असेल आणि त्याने लेखणी खाली ठेवली असेल. असं न लिहिलेलं पत्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. म्हणून या काळाचं नुकसान मोजणं इतकं अवघड आहे.

टूथपेस्टच्या फळीवरचं मतदान

जून १९५०मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ आणि टेलिव्हिजनवरच्या १५१ लेखक-कलाकारांची नावं आणि त्यांचे संशयास्पद ठरवलेले संबंध छापले होते: कुठल्या सभेला हजेरी, कुठल्या अर्जावर सही, कुठल्या संस्थेला मदत. काढणारे होते एफबीआयमधून बाहेर पडलेले लोक. कायद्याने तिला काहीच अधिकार नव्हता. तरी ती जाहिरात कंपन्यांच्या टेबलांच्या खणांत जाऊन बसली आणि काम देताना चाळली जाऊ लागली.

ऑगस्टमध्ये जीन म्यूर या अभिनेत्रीला एका लोकप्रिय कौटुंबिक मालिकेतून काढलं गेलं. मोजके फोन आणि दोन-चार तारा एवढीच तक्रार होती. मालिकेची प्रायोजक खाद्यपदार्थांची कंपनी म्हणाली की आरोप खरे की खोटे यात आम्हाला पडायचं नाही, पण म्यूर आता 'वादग्रस्त' झाल्या आहेत. हा शब्द पुढे अनेकांचा घास घेऊन गेला. खोटा आरोप करणाऱ्याला काही होत नव्हतं, आणि आरोप झाला याच कारणाने माणूस वादग्रस्त ठरत होता.

ही साखळी सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणून पोहोचवली ती सिरॅक्यूज शहरातले सुपरमार्केटचे मालक लॉरेन्स जॉन्सन यांनी. एका टूथपेस्ट कंपनीने प्रायोजित केलेल्या कार्यक्रमात जॉन्सन यांच्या मते लाल कलाकार होते. त्यांनी कंपनीला प्रस्ताव पाठवला: तुमची टूथपेस्ट आणि तुमच्या स्पर्धकाची टूथपेस्ट माझ्या दुकानात शेजारी-शेजारी मांडतो, तुम्ही असे कलाकार का घेता याचा खुलासा तुमच्या मालाशेजारी लावा, आणि गिऱ्हाइकांना मतपत्रिका देऊ. प्रत्यक्ष असं मतदान घ्यायची वेळ येण्याची गरजच नव्हती. अशा पत्राने न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्यांचे हात-पाय गळायचे. चार-पाच दुकानं असलेला एक माणूस, आणि त्याच्या शब्दावर देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमांतली नावं बदलत होती. दूध, पाव आणि टूथपेस्ट घेणं हे निष्ठेचं प्रदर्शन झालं होतं.

जॉन हेन्री फॉक या टेक्सासच्या रेडिओ निवेदकाने १९५६मध्ये जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर बदनामीचा खटला भरला. १९६२मध्ये ज्यूरीने त्याला ३५ लाख डॉलर्सची भरपाई मंजूर केली. ती रक्कम नंतर अपिलात बरीच कमी झाली. निकाल लागेपर्यंत फॉकची उमेदीची वर्षं संपलेली होती.

या वातावरणात माणसं कशी वागत होती, हे एका वार्ताहराने अगदी साध्या प्रयोगातून दाखवलं. ४ जुलै १९५१, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. मॅडिसन शहरातल्या 'कॅपिटल टाइम्स'चे जॉन पॅट्रिक हंटर एक अर्ज घेऊन बागेत गेले. अर्जात त्यांचं स्वतःचं एक वाक्यही नव्हतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला आणि राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांमधला मजकूर तेवढा टंकलेला होता. हंटर यांनी ११२ जणांना सही मागितली. एकाने केली. बाकीच्यांत कित्येकांनी हंटर यांनाच कम्युनिस्ट ठरवलं. ही माणसं दुष्ट नव्हती आणि मूर्खही नव्हती. कुठल्याही कागदावर सही केली की ती केव्हातरी आपल्यावर उलटते, हे ती शिकली होती.

१९५४च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टौफर यांनी हजारो अमेरिकनांची पाहणी केली. तुम्हाला कशाची काळजी वाटते, असं मोकळेपणाने विचारलं तर लोक पैसा, तब्येत, मुलंबाळं सांगत होते. साम्यवादाचं नाव घेणारे एक टक्काही नव्हते. आपण कम्युनिस्ट आहोत असं स्वतः सांगणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष ओळखणारे होते तीन टक्के. आणखी दहाएक टक्क्यांना कुणाचा तरी संशय होता, आणि संशयाची कारणं काय? तो सारखा जागतिक शांततेबद्दल बोलायचा. त्याच्या घरात भिंतीवर रशियाचा नकाशा होता. म्हणजे लोक रोज भीतीने थरथरत जगत होते असं नव्हतं. भीती मागे कुठेतरी पडून होती, पण संशय कुणावर घ्यायचा याचे ठोकताळे मात्र तयार होते.

काही खुणा वरवरच्या होत्या. सिनसिनाटीचा 'रेड्स' हा जुना बेसबॉल संघ १९५३पासून काही वर्षं 'रेडलेग्ज' झाला. इंडियानात पाठ्यपुस्तक समितीच्या एका सदस्याने रॉबिन हूडवर हरकत घेतली, कारण तो श्रीमंतांचं लुटून गरिबांना देतो. ब्लूमिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी त्याला उत्तर म्हणून हिरवी पिसं वाटली, तर त्यांचीही चौकशी झाली. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालणं हा कम्युनिस्टांचा कट आहे असं मानणारे गावोगाव होते. याहून खोलवर गेलेली गोष्ट म्हणजे देवाचं नाव. शाळेत रोज सकाळी म्हणायच्या ध्वजप्रतिज्ञेत जून १९५४मध्ये 'ईश्वराच्या छत्राखाली' हे शब्द घालण्यात आले. १९५६मध्ये 'देवावर आमचा विश्वास आहे' हे देशाचं अधिकृत बोधवाक्य झालं आणि पुढच्या वर्षापासून ते कागदी नोटांवर छापलं जाऊ लागलं. नास्तिक सोव्हिएत राज्यापासून आपण वेगळे आहोत हे दाखवण्याची ती धडपड होती. आपल्याच देशातला नास्तिक माणूस त्यामुळे अर्धा परका ठरला, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

डॉक्टर, कॉफी आणि रस्त्यावरचे फलक

या प्रचाराचा फायदा कुणाला झाला, हे बघायचं तर आरोग्यविम्याकडे बघावं. १९४५च्या नोव्हेंबरमध्ये ट्रूमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला. हेच ट्रूमन पुढे साम्यवादाविरुद्धच्या जागतिक मोहिमेचे प्रणेते झाले. तरी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांच्या विम्याला 'समाजवादी वैद्यक' म्हटलं. १९४९मध्ये संघटनेने प्रत्येक सदस्य डॉक्टरकडून २५ डॉलर मागितले आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर व बॅक्स्टर या नवरा-बायकोच्या प्रचारसंस्थेला काम दिलं. त्यांनी एकोणिसाव्या शतकातलं एक प्रसिद्ध चित्र निवडलं: आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसलेला डॉक्टर. त्याखाली ओळ होती, 'या चित्रात राजकारण नको'. हे पोस्टर देशभरातल्या दवाखान्यांत लागलं. आपला नंबर यायची वाट बघणारा रोगी ते बघत बसायचा. सोबत वाटलेल्या पत्रकात लेनिनच्या तोंडी एक वाक्य होतं, की समाजवादी वैद्यक हा समाजवादी राज्याच्या कमानीतला मुख्य दगड आहे. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाने शोध घेतला, लेनिनच्या लिखाणात ते वाक्य सापडलं नाही. तोवर ते लाखो प्रतींतून फिरून आलं होतं. विमा योजना बारगळली.

१९६१मध्ये वृद्धांपुरता सरकारी विमा पुढे आला तेव्हा हीच मोहीम दिवाणखान्यात शिरली. डॉक्टरांच्या पत्नींच्या संघटनेने एक ध्वनिमुद्रिका वाटली. तीत अभिनेते रोनाल्ड रेगन सांगत होते की हा विमा म्हणजे समाजवादाकडे नेणारं पहिलं पाऊल आहे. शेजारणींना कॉफीला बोलवायचं, मुद्रिका ऐकवायची आणि मग तिथेच बसून आपापल्या खासदाराला पत्र लिहायचं, अशी पद्धत ठरवून दिली होती. पत्रं मात्र प्रत्येकीने आपल्या मनाने लिहिल्यासारखी दिसायला हवी होती. प्रचार इथे इतका घरगुती झाला होता की त्याला प्रचार म्हणायला जीभ रेटणार नाही. ही योजना अखेर १९६५मध्ये मेडिकेअर म्हणून मंजूर झाली. म्हणजे सुमारे वीस वर्षं म्हाताऱ्या, आजारी माणसांनी वाट पाहिली.

घरांबाबतही हेच. लेव्हिटटाउन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभारणारे विल्यम लेव्हिट म्हणत की ज्याच्या मालकीचं घर आणि जागा आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याच्यामागे कामंच इतकी असतात. स्वतःचं घर म्हणजेच स्वातंत्र्य, असं हे समीकरण होतं. पण लेव्हिट यांची घरं काळ्या कुटुंबांना विकली जात नव्हती. मग त्या कुटुंबांनी हक्क मागितले तर? तर ते हक्क मागणंच लाल ठरवलं गेलं.

टेनेसीत हायलँडर फोक स्कूल नावाची संस्था होती. कामगार आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते तिथे शिकायला येत. गोरे आणि काळे एकत्र राहत, एकत्र जेवत. रोझा पार्क्स यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार दिला, त्याच्या काही महिने आधी त्या तिथल्या कार्यशाळेला गेल्या होत्या. १९५७मध्ये संस्थेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला मार्टिन ल्यूथर किंग आले. जॉर्जिया राज्याच्या एका सरकारी आयोगाने पाठवलेल्या माणसाने तिथे श्रोत्यांत बसलेल्या किंग यांचा फोटो काढला. पुढे १९६५च्या सुमारास दक्षिणेतल्या महामार्गांवर तो फोटो भल्यामोठ्या फलकांवर झळकला आणि वर लिहिलं होतं: कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत मार्टिन ल्यूथर किंग. हायलँडर कम्युनिस्ट शाळा नव्हती. पण गाडीतून जाणाऱ्या माणसाला एवढं तपासायला वेळ कुठला? फोटो खरा होता, किंग खरे होते, सभा खरी होती. खोटी होती ती फक्त वरची ओळ. टेनेसी सरकारने तोवर, १९६१मध्येच, बिअर विकल्यासारखी कारणं पुढे करून संस्थेची मान्यता काढून घेतली होती.

सोव्हिएत युनियनमध्येही प्रचार होता आणि तो कितीतरी निर्दय होता. तिथे वेगळं बोलणाऱ्याची नोकरी जाऊन भागत नसे. अमेरिकेत न्यायालयं होती, हंटर यांचं वर्तमानपत्र होतं, फॉकला खटला जिंकता आला. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण या फरकामुळेच अमेरिकेचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे सेन्सॉर नसताना, श्रमछावणी नसताना, मालकाच्या, गिऱ्हाइकाच्या आणि शेजाऱ्याच्या नजरेतून एवढा धाक उभा राहिला.

सरकारात कम्युनिस्ट घुसल्याचे बेधडक आरोप करणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचं नाव या काळाला चिकटलं आहे, म्हणून त्यांच्यासोबत हे सगळं संपलं असं वाटतं. त्यांचा काळ फेब्रुवारी १९५० ते डिसेंबर १९५४, जेव्हा सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. निष्ठा तपासणी त्यांच्या तीन वर्षं आधी सुरू झाली होती आणि किंग यांचे फलक त्यांच्या मृत्यूनंतर आठेक वर्षांनी लागले. १९५७पासून सर्वोच्च न्यायालयाने एकेक कायदा सैल करायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात सरकारी नोकरांच्या शपथेतला, कुठल्या संघटनेचे सभासद आहात हे विचारणारा भाग १९६७मध्ये रद्द झाला. देशी-परदेशी सर्व शत्रूंपासून राज्यघटनेचं रक्षण करीन, हा भाग तसाच राहिला आणि तो आजही आहे. २००८मध्ये तिथल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या, अहिंसा मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शिक्षिकेने सही करताना त्यात 'अहिंसक मार्गाने' एवढे शब्द हाताने घातले. विद्यापीठाने तिला कामावरून काढलं. बोभाटा झाला, शस्त्र हाती घेण्याची सक्ती या शपथेत नाही असं तिला लेखी कळवण्यात आलं, आणि ती पुन्हा वर्गावर रुजू झाली.